गोष्टीला फाटे

"गोष्टीला फाटे फोडू नकोस," हे आमच्या घरी लहानपणी ठरलेलं वाक्य होतं. आजी गोष्ट सांगायची, राजा संकटात सापडायचा, आणि मी मध्येच विचारायचे, "पण तो मागच्या दारानं का नाही पळून गेला?" की आलंच ते वाक्य. आता बहरीनमध्ये दर शनिवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात आठ मुलं जमतात आणि मी त्यांना नेमकं उलटं सांगते. फोडा फाटे.

मुलं नऊ ते तेरा वर्षांची. घरी सगळ्यांच्या मराठी. कळतं सगळं. ‘ताटं घे’ म्हटलं की ताटं येतात. ‘पसारा आवर’ म्हटलं की ऐकू न आल्याचं सोंग येतं, म्हणजे तेही कळलेलं असतं. पण उत्तर येतं ते इंग्रजीत. प्रश्न मराठी, उत्तर इंग्रजी, अशी जुगलबंदी आखातातल्या कुठल्याही मराठी घरात ऐकायला मिळेल, आणि बहुधा न्यू जर्सीत नि मेलबर्नमध्येही. आम्ही वर्ग सुरू केला तेव्हा धडे वाचून घेतले, ‘माझा आवडता सण’ लिहून घेतला. मुलांनी मुकाट्यानं लिहिलं. निबंध शुद्ध होते आणि त्यातला एकही कुणाला दुसऱ्यांदा वाचावासा वाटला नसता. लिहिणाऱ्यालाही नाही.

माहीत आहे, पण बोलत नाही. ही अडचण कुठेतरी वाचलेली आहे असं सारखं वाटायचं. मग आठवलं, अरे, हा तर वेताळ!

सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातल्या वेतालकथांचा राजा आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. अट अशी की उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. आणि बोललास तर मौन मोडलं, वेताळ परत झाडावर. एकामागून एक गोष्टींची उत्तरं राजा देतो आणि दर वेळी मागे जाऊन प्रेत पुन्हा उचलून आणतो. शेवटच्या गोष्टीचं उत्तर त्याला खरोखर येत नाही, म्हणून तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याला शिक्षा नाही. माहीत नसताना गप्प राहणं वेगळं आणि माहीत असून गप्प राहणं वेगळं, हा फरक वेताळाला कळत होता. आमच्या निबंधाच्या वह्यांना कळत नव्हता.

मराठीत छापील पुस्तकं नुकती निघू लागली होती तेव्हाच हा वेताळ आपल्याकडे पोचला. १८१४ मध्ये सेरामपूरला मोडी लिपीत ‘सिंहासन बत्तिशी’ छापली गेली होती. मग मुंबईत शाळांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या मंडळींपैकी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या कथा आणि ‘बाळमित्र’ मराठीत आणल्यावर १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ दिली. मुलांना वाचायला शिकवायचं तर काय द्यावं, या प्रश्नाला सुरुवातीच्या उत्तरांपैकी एक उत्तर असं प्रश्न विचारणाऱ्या गोष्टींचं होतं. पुढे पाठ्यपुस्तकांतल्या गोष्टींचा प्रश्न गोष्ट संपल्यावर, ‘स्वाध्याय’ या मथळ्याखाली गेला. तिथे तो मेला असं माझं मत आहे.

वाचणाऱ्यानं काही केल्याशिवाय पुढे न सरकणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘इंटरॅक्टिव्ह फिक्शन’ म्हणतात. मराठीत रूढ शब्द माझ्या कानावर आलेला नाही. आमच्या वर्गात ती ‘फाट्यांची गोष्ट’. पानाच्या शेवटी दोन-तीन वाटा दिलेल्या असतात, किंवा तुम्ही काही टंकता आणि यंत्र त्यावर पुढचा मजकूर दाखवतं. हे ऐकल्यावर एका पालकांनी मला विचारलं, "म्हणजे व्हिडिओ गेमच ना?" मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण इतिहास पाहिला तर गोष्ट सांगणारा पहिला संगणकी खेळ एका शाळामास्तरणीनं लिहिला, तोही वर्गासाठी. आणि त्या खेळाचं गाव आमच्या शेजारचं होतं.

शेजारचं म्हणजे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या हिशेबानं. मनाम्याहून पश्चिमेला गेलं की समुद्राकाठी ‘कलअत अल-बहरैन’ हा किल्ला लागतो. किल्ला पोर्तुगीजांच्या नावानं ओळखला जातो, पण खालच्या टेकाडात थरावर थर आहेत. १९५३ पासून पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश तुकडीनं इथे खणायला सुरुवात केली आणि दिलमून नावाचं व्यापारी राज्य पुराणातून इतिहासात आलं. सुमेरी लोकांच्या पाट्यांवर दिलमूनचं नाव पुन्हा पुन्हा येतं. लगाश या सुमेरी नगराचा राजा उर-नान्शे यानं इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या काळात कोरून ठेवलं आहे की दिलमूनच्या गलबतांनी त्याच्याकडे लाकूड आणलं. बिबींच्या लोकांना किल्ल्याखाली दगडी वजनं सापडली, ती सिंधू संस्कृतीच्या मापाची. म्हणजे हडप्पाकडचा माल, दिलमूनची गोदी, लगाशचं गिऱ्हाईक. (आखातातून भारतात आणि भारतातून आखातात जाणाऱ्या सामानाच्या वजनावरून विमानतळावर आजही वाद होतात, ते असो.)

आता १९६४ साल. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर भागातला शिक्षण विभाग आणि आयबीएम कंपनी, सरकारी अनुदान घेऊन, संगणकाचा शाळेत काही उपयोग होतो का हे पाहत होते. या प्रयोगासाठी मेबल ॲडिस या प्राथमिक शाळेतल्या, पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षिकेनं ‘द सुमेरियन गेम’ लिहिला. विल्यम मॅके यांनी त्याचा प्रोग्रॅम केला. सहावीतलं मूल टंकयंत्रासारख्या यंत्रापुढे बसायचं, यंत्र तारेनं दूरच्या मोठ्या संगणकाला जोडलेलं. पडदा नव्हताच, कागदावर अक्षरं उमटायची. मूल होतं लुडुगा, लगाशचा पुरोहित-राजा. कारभारी त्याच्यापुढे हिशेब ठेवायचा: प्रजा इतकी, जमीन इतकी, या हंगामात धान्य इतकं. यातलं खायला किती देऊ? पेरायला किती? कोठारात किती? मूल आकडा टंकायचं आणि कारभारी पुढच्या हंगामाची बातमी आणायचा. खायला कमी दिलं की माणसं कमी व्हायची. कधी आग, कधी पूर. पुढच्या टप्प्यांत कारागिरी यायची, मग व्यापार.

ॲडिसबाईंचं मोठेपण मला या आकडेमोडीत दिसत नाही. ते कारभाऱ्यात दिसतं. नुसतं ‘धान्याची विभागणी करा’ असं गणित देता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी एक माणूस समोर उभा केला, जो मुलाला महाराज म्हणून मान देतो आणि आज्ञेची वाट पाहत थांबतो. त्याला उत्तर द्यावंच लागतं. तो मूळ खेळ आज उरलेला नाही. काही छापील कागद आणि चित्रं तेवढी राहिली, आणि त्यांवरून अलीकडे तो पुन्हा बांधण्याचा प्रयत्न झाला. पण त्याची कल्पना ऐकून १९६८ मध्ये डग डाइमेंट यांनी छोटा अवतार लिहिला, तो ‘हमुराबी’ या नावानं पसरला, आणि डेव्हिड आल यांच्या १९७३ च्या बेसिक खेळांच्या पुस्तकातून असंख्य लोकांनी तो आपापल्या यंत्रावर टंकून घेतला.

दुसरंही उदाहरण वर्गातलंच आहे. डिसेंबर १९७१ मध्ये मिनियापोलिसला डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक आठवीला अमेरिकन इतिहास शिकवत होता. पश्चिमेकडे बैलगाड्यांनी निघालेल्या कुटुंबांचा धडा होता. त्यानं आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या दोन गणितवाल्या शिकाऊ शिक्षकांनी, बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर यांनी, ‘ओरेगॉन ट्रेल’ तयार केला. तोही टेलिटाइपवर, नुसत्या शब्दांत. सत्र संपल्यावर रॉविचनं प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला, आणि १९७४ मध्ये मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत नोकरी लागल्यावर पुन्हा टंकून यंत्रात घातला. तेव्हापासून अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या वाटेत हगवणीनं मेल्या आणि तरी इतिहासाच्या तासाला आनंदानं गेल्या.

बाकीचा इतिहास भराभर सांगते. विल क्राउदर या गुहा धुंडाळणाऱ्या प्रोग्रॅमरनं १९७५-७६ च्या सुमारास ‘ॲडव्हेंचर’ लिहिला तो घटस्फोटानंतर आपल्या मुलींसाठी; पुढच्या वर्षी डॉन वुड्स यांनी तो वाढवला. एडवर्ड पॅकर्ड हे वकील मुलींना झोपताना गोष्टी सांगत, एकदा सुचेना म्हणून त्यांनाच ‘आता पुढे काय?’ विचारलं, आणि त्यातून १९७९ पासूनची ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ पुस्तकमाला आली. म्हणजे शिक्षक आणि आईबापच सगळे. २००९ मध्ये क्रिस क्लिमस यांनी ‘ट्वाइन’ हे फुकट साधन दिलं, त्यात प्रोग्रॅमिंग येण्याची गरजच नाही. एका चौकटीत मजकूर लिहायचा, ज्या शब्दांवरून वाट फुटावी त्यांना दुहेरी चौकोनी कंसात टाकायचं, की पुढची चौकट आपोआप तयार होते आणि मध्ये बाण येतो. देवनागरी चालते. शेवटी एकच फाइल मिळते, ती आजीला व्हॉट्सॲपवर पाठवता येते. आम्ही हेच वापरतो.

शाळेत तंत्रज्ञान आणण्यात बहरीन स्वतः मागे नाही. इथल्या राजांच्या नावाचा, माहिती-तंत्रज्ञान शिक्षणात वापरणाऱ्यांसाठीचा युनेस्कोचा पुरस्कार २००५ पासून आहे. २०१७ चा एक पुरस्कार मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘क्लिक्स’ प्रकल्पाला मिळाला. पण आमच्या वर्गात अडचण यंत्राची नव्हतीच. ती मराठीची होती, आणि तिथूनच खरी मजा सुरू झाली.

पहिली फाट्यांची गोष्ट मी लिहिली. ‘तू गुहेत गेलास. समोर दार आहे.’ आठांतल्या पाच मुली. त्यातली एक दुसऱ्याच वाक्याला थांबली आणि म्हणाली, "दिस इज नॉट मी." इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. या सगळ्या प्रकाराचा पायाच तो ‘यू’ आहे, कुणीही आत शिरावं. मराठीत मात्र गुहेच्या दारातच विचारणा होते: गेलास की गेलीस? वर्तमानकाळातही सुटका नाही, जातोस की जातेस.

मग आम्ही त्या शनिवारी गोष्ट बाजूला ठेवली आणि असं वाक्य शोधायला बसलो ज्यात मुलगा की मुलगी हे कळणारच नाही. ‘जा’ चालेल. ‘जाशील’ चालेल, म्हणजे भविष्यकाळ मोकळा आहे! ‘तुला दार दिसतं’ चालेल. आणि मग एकानं शोधलं, ‘तू दार उघडलंस’. इथे क्रियापद दाराकडे बघून चालतं, उघडणाऱ्याकडे नाही. ‘तू खिडकी उघडलीस’, ‘तू पेटारा उघडलास’, मुलगा असो वा मुलगी. शेवटचा तो ‘स’ तेवढा ‘तू’चा. व्याकरणात याला कर्तृ-कर्म संकर प्रयोग म्हणतात आणि शाळेत मी तो घोकून विसरले होते. या मुलांनी नाव न ऐकता तो अख्खा उलगडला, कारण त्यांना एका मैत्रिणीला गुहेत न्यायचं होतं. एकीनं ‘आपण’ सुचवलं: आपण आत गेलो. ते तर कीर्तनकार वर्षानुवर्षं करत आले आहेत.

जुन्या पद्धतीचे, आज्ञा टंकायचे खेळ मराठीत करणं याहून अवघड. इंग्रजीत ‘टेक लॅम्प’ असे दोन शब्द यंत्राला पुरतात. आपल्याकडे ‘दिवा घे’ ठीक, पण ‘दिव्यात तेल घाल’ म्हटलं की दिव्याचा ‘दिव्या’ झाला. यंत्राला सामान्यरूपं शिकवत बसावी लागतील. म्हणून आम्ही वाटा दाखवणाऱ्या गोष्टींवरच थांबलो. त्यात मूल टंकत कमी, हे मान्य. म्हणून नियम केला की वाचून थांबायचं नाही, प्रत्येकानं किमान एक नवी चौकट जोडायची, आणि वाटेवरचे शब्द मराठीतच.

वेताळाची एक गोष्ट आम्ही अशीच चौकटींत घातली. मंदारवतीची. तिघं तिच्याशी लग्न करायला आलेले, ती तापानं जाते. एक तिच्या राखेवर झोपून राहतो, एक अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत जाऊन मृताला उठवण्याचा मंत्र आणतो. ती उठते. मग नवरा कोण? राजाचं उत्तर असं की मंत्र आणणारा बापासारखा, अस्थी नेणारा मुलासारखा, आणि राखेपाशी राहिला तो नवरा. तीन वाटा ठेवल्या. वर्गात भांडण जुंपलं, निम्मं इंग्रजीत. ‘दिस इज नॉट मी’वाली बराच वेळ गप्प होती. मग तिनं लॅपटॉप ओढून घेतला आणि चौथी वाट जोडली: ‘मंदारवतीला विचारा’. सोमदेवाला नऊशेहून जास्त वर्षांत हे कुणी सुचवलं असेल-नसेल. त्या चौकटीखालचा मजकूर तिनं तीन आठवडे लिहिला. शुद्धलेखनाच्या चुका मोजायच्या ठरवल्या तर अकरा होत्या. मी मोजल्या नाहीत, म्हणजे मोजल्या, पण तिला सांगितल्या नाहीत.

फाट्यांचा एक धोका सगळ्यांच्या लवकर लक्षात आला. प्रत्येक चौकटीला दोन वाटा, असं दहा पायऱ्या गेलं की १,०२४ शेवट. मुलांचा पहिला उपाय म्हणजे सगळ्यांना मारून टाकणं. डाव्या दाराआड साप, उजव्या दाराआड दरी, घरी गेलं तर भूकंप. मग हळूहळू कळलं की फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र आणता येतात, फक्त येताना माणूस सोबत काहीतरी घेऊन आलेला हवा: जखम, चावी, खोटं बोलल्याची लाज. निबंधात जे मला समजावता आलं नसतं ते हे. आधी घडलेलं नंतरच्या वाक्यात दिसलं पाहिजे.

सध्याची गोष्ट मोत्यांची आहे. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून मोत्यांच्या व्यापाराची वाट आखलेली आहे, २०१२ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिथे मुलांना नेलं होतं. उन्हाळ्यात चार महिने गलबतं शिंपल्यांच्या पट्ट्यांवर उभी राहायची. पाणबुड्या पायाला दगड बांधून खाली जायचा, वर दोर धरून ‘सैब’ उभा, त्याच्या ओढण्यावर याचा जीव. हंगामाआधी उचल मिळायची, आणि उचल फिटली नाही तर बापाचं कर्ज मुलावर यायचं. १९२० च्या दशकात सुधारणा झाल्या तेव्हा प्रत्येकाला हिशेबाची वही मिळू लागली. मोती जायचे मुंबईला, व्यवहार रुपयांत. मग जपानी कृत्रिम मोती आले, जागतिक मंदी आली, १९३२ मध्ये इथे तेल लागलं. मुलांनी ठरवलं की नायक ‘तब्बाब’ असेल, म्हणजे गलबतावरचा शिकाऊ पोर, आणि पहिला फाटा उचल घ्यायची की नाही हाच.

गलबताचा कप्तान म्हणजे इथला ‘नोखदा’. मूळ फारसी नाखुदा, नावेचा धनी. हे सांगताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "आपला नाखवाच की." मुलांना नाखवा माहीत नव्हता. ज्याचं आजोळ अलिबागचं, त्यानं रात्री आजोबांना फोन करून खात्री करून घेतली, आणि तेव्हापासून गोष्टीत नाखवाच आहे. आजारी तब्बाबाला घरी जायचं आहे, त्या चौकटीखाली त्या मुलानं दोन वाटा ठेवल्या: ‘नाखवा, मला जाऊ दे’ आणि ‘नाखवा, मला जाऊ द्या’. पहिलीनं नाखवा चिडतो. दुसरीनं हसतो आणि तरी सोडत नाही, कारण वहीत बापाचं कर्ज आहे. इंग्रजीत हा फाटा फुटलाच नसता.

गेल्या शनिवारी त्यानं अर्धवट गोष्ट आजोबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवली. आजोबा वाट निवडत होते, हा दाबत होता. उचल घेतली. गलबत निघालं. तब्बाब आजारी पडला. ‘द्या’ म्हणून पाहिलं, नाखवा सोडेना. आजोबा थोडा वेळ गप्प बसले.

"अरे, पण तो शेजारच्या गलबतावर का नाही जात पोहत?"

"आजोबा," तो म्हणाला, "ती वाट अजून लिहिली नाहीये. थांबा."